नावाची बोली

मराठीत 'बोली' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक बोली माणसाच्या तोंडी असते, दुसरी लिलावात लागते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत राहणाऱ्याला हे दोन्ही अर्थ सारखेच परिचयाचे आहेत. भाषेच्या अंगाने पाहिले तर हा झाडीबोलीचा, गोंडी-माडियाचा मुलूख. व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर हर्रासाचा. 'लिलाव' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. इकडे अजूनही 'हर्रास' अधिक कानावर येतो. बल्लारपूरच्या आगारातले सागवान असो, बांबू असो की उन्हाळ्यात महिनाभराचे पोट भरणारा तेंदूपत्ता असो, या रानातून बाहेर जाणाऱ्या बहुतेक वस्तूंचे मोल कुणीतरी लावलेल्या बोलीवर ठरत आले आहे. या दोन बोलींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मात्र आम्हांला कधी वाटले नव्हते. तो संबंध जोडला एका तिसऱ्याच धंद्याने. तो धंदा आहे नावांचा.

आमचा एक जुना विद्यार्थी चंद्रपुरात बसून इंटरनेटवरच्या नावांची खरेदी-विक्री करतो. संकेतस्थळाला जे नाव असते, ज्याला 'डोमेन' म्हणतात, ते तो ऑनलाइन लिलावात घेतो, काही महिने किंवा काही वर्षे स्वतःजवळ ठेवतो आणि गिऱ्हाईक आले की चढ्या किमतीला देऊन टाकतो. मराठी वाङ्मयाची पदवी घेतलेल्या मुलाने हा उद्योग का पत्करावा, असे आम्ही त्याला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, तुम्हीच तं शिकवलं होतं, शब्दाचं मोल असते म्हणून. मी तेवढं मोल पाहून राहिलो." या उत्तरात थट्टा होती, पण ती केवळ थट्टा नव्हती. त्याच्या संगणकावर त्या दिवशी लिलावाला निघालेल्या नावांची यादी होती. हजारो शब्द, एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर उरलेला वेळ आणि आतापर्यंतची सर्वांत मोठी बोली. कोशाची पाने अशा रीतीने मांडलेली आम्ही यापूर्वी पाहिली नव्हती.

या व्यवहाराची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यातच त्याचे मर्म आहे. पहिली गोष्ट अशी, की डोमेन विकत मिळत नाही. त्याची नोंदणी एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी होते, आणि मुदत संपण्यापूर्वी ती पुन्हा पैसे भरून वाढवावी लागते. "ह्यात नाव विकत नाही भेटत जी, भाड्यानंच भेटते. आपण फक्त भाडेकरू बदलवून राहिलो," हे आमच्या विद्यार्थ्याचे वर्णन कोणत्याही व्याख्येपेक्षा नेमके आहे. मूळ वही एका संस्थेकडे असते, '.कॉम' या शेपटाची वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ती प्रत्येक नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर घेऊ लागली. तिच्या खाली नोंदणी करून देणारे दलाल, ज्यांना रजिस्ट्रार म्हणतात. त्यांच्या खाली आपण.

भाडे थकले की काय होते ते पाहावे. मुदत संपल्यावर साधारणपणे महिना-दीड महिना सवलतीचा जातो. मग तीस दिवस जबर शुल्क भरून नाव सोडवून घेता येते. शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते नाव मोकळे होते. प्रत्यक्षात ज्या नावाला काही मोल आहे ते इतके दिवस पडून राहत नाही. सवलतीच्या काळातच अनेक रजिस्ट्रार ते लिलावात मांडतात, आणि मोकळे होणारे नाव त्याच क्षणी टिपण्यासाठी यंत्रे टपून असतात. लिलाव काही दिवस चालतो. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली की मुदत आपोआप पुढे सरकते. समोर माणूस आहे, की कुणी आधीच कमाल रक्कम सांगून ठेवलेले यंत्र आहे, हे कळत नाही. हर्रासाच्या मांडवात निदान एकमेकांचे चेहरे दिसत.

नावाला पैसे पडतात ही कल्पनाच फार जुनी नाही. पहिले '.कॉम' नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदवले गेले. त्यानंतर दहा वर्षे नोंदणी फुकट होती. १९९५ मध्ये वर्षाला पन्नास डॉलर आकारणी सुरू झाली आणि बाजार उभा राहिला. 'बिझनेस' हे साधे इंग्रजी नाम १९९७ मध्ये दीड लाख डॉलरना विकले गेले, आणि दोनच वर्षांनी ७५ लाखांना. 'व्हॉइस' या नामाला २०१९ मध्ये तीन कोटी डॉलर मिळाले. ज्याने ते विकले त्याने तो शब्द घडवला नव्हता, त्याला अर्थ दिला नव्हता. शेकडो वर्षे बोलणाऱ्यांनी तो घडवला होता. मुंबईलाही या व्यापारात स्थान आहे. १९९८ मध्ये भाविन आणि दिव्यांक तुरखिया या दोन तरुण भावांनी सुरू केलेली 'डायरेक्टी' ही कंपनी नावनोंदणीच्या धंद्यात मोठी झाली, आणि तिचीच 'स्केन्झो' ही शाखा, वापरात नसलेल्या नावांवर जाहिराती लावून त्यांच्यातून उत्पन्न काढण्याचे काम करी. या रीतीला 'पार्किंग' म्हणतात. पडीक शेतात गुरे चारून घ्यावीत, तसे हे.

आणि जिथे लिलाव आहे तिथे लबाडी आलीच. 'स्नॅपनेम्स' या अमेरिकेतल्या नावाजलेल्या लिलावगृहाला २००९ मध्ये जाहीर करावे लागले, की त्यांचाच एक अधिकारी २००५ पासून खोट्या नावाने बोली लावून किमती चढवत होता. नावांच्या लिलावात बोली लावणाऱ्याचे नावच खोटे असावे, यापेक्षा बोचरा उपरोध एखाद्या कादंबरीकारालाही सुचला नसता.

आता भाषेकडे वळू, कारण हा धंदा ज्या मातीवर उभा आहे ती भाषेची, आणि त्यातही लेखनाची, माती आहे. माणूस नाव जसे लिहील किंवा लिहिताना चुकेल तसे ते आधीच घेऊन ठेवणे, ही या व्यापारातली पहिली विद्या. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये 'रेडिफ'ने जो दावा लावला, तो केवळ एका रोमन स्वराचा होता; दुसऱ्या पक्षाने 'ई'च्या जागी 'ए' घालून नाव नोंदवले होते. न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निकाल दिला आणि असे नाव म्हणजे केवळ पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण हवे, असे म्हटले. पण मराठी शब्द रोमन लिपीत गेला की एका स्वराचा नव्हे, दहा स्वरांचा प्रश्न उभा राहतो. 'मायबोली' हे १९९६ पासूनचे संकेतस्थळ आपल्या नावातल्या 'मा'साठी दोन 'ए' लिहिते. 'झाडीपट्टी' कशी लिहावी? 'झेड'ने, 'जे-एच'ने, की 'झेड-एच'ने? 'ट'ला किती 'टी'? उच्चार एकच, दुकाने मात्र आठ-दहा.

देवनागरीत तरी हा घोळ नसेल असे वाटेल. '.भारत' हे देवनागरी शेपूट २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि मराठी-हिंदीसह आठ भाषांना आपल्या लिपीत नाव घेण्याची सोय झाली. पण तिथे आपल्या शुद्धलेखनाचे सगळे वाद पुन्हा उभे राहिले. मराठीच्या नियमाप्रमाणे 'चंद्रपूर'मधला 'पू' दीर्घ. हिंदीत तो ऱ्हस्व. अनुस्वार लिहायचा की 'न'चा जोड, हा दुसरा फाटा. म्हणजे एका गावाची चार नावे झाली आणि यंत्राच्या दृष्टीने ती चार वेगळी स्थावरे आहेत. जो नियम वर्गात शिकवताना विद्यार्थी जांभया देतात, त्यावर इथे पैसे लागतात. 'वऱ्हाड' आणि 'दऱ्या' या शब्दांतला आपला तो अर्धचंद्री 'र' तर आणखी संकटात होता. तो लिहिण्याची एक रीत अशी होती, की 'र'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचे. आणि डोमेनच्या २००३ च्या नियमांत ते चिन्ह गाळलेच जाई. मग 'वऱ्हाड'चे 'वर्हाड' होई. २०१० च्या सुधारित नियमांत त्या चिन्हाला अटींवर प्रवेश मिळाला. मराठीच्या एका उच्चाराचे भवितव्य असे कुठल्या तरी समितीच्या तक्त्यात ठरत होते, आणि आपण त्या वेळी प्रमाणभाषा आणि बोली यांच्या भांडणात गुंतलो होतो. शिवाय या देवनागरी नावाच्या आतही रोमनच आहे. न्याहाळकात 'भारत' दिसते खरे. तारेवरून जाते ते 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि पुढे 'एच२बीआरजे९सी' असे काहीतरी.

गोंडीचे काय? तिच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण '.भारत'ची योजना आठव्या अनुसूचीतल्या भाषांसाठी आखली गेली, आणि गोंडी त्या बावीस भाषांत नाही. म्हणजे या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांची, ओढ्यांची, टेकड्यांची नावे ज्या भाषेने दिली, त्या भाषेला त्या वहीत स्वतःचे शेपूट नाही. नावे मात्र आहेत; रोमन लिपीत, ज्याला हवी त्याने घ्यावीत अशी.

गंमत अशी, की सरकारी वहीत कधी कधी जुने नाव अधिक टिकते. 'चांदा' या शहराचे 'चंद्रपूर' झाले ते १९६४ च्या सुमारास. तरीही जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळाचे नाव 'चांदा' हेच आहे, जसे रेल्वेने 'चांदा फोर्ट' हे स्थानक जपून ठेवले आहे. याउलट गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचे पाहा. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचे नाव म्हणजे तिच्या लांब इंग्रजी नावाची आद्याक्षरे. आणि योगायोगाने त्यांतून बनलेला शब्द इंटरनेटच्या बाजारातल्या सर्वांत लोभस शब्दांपैकी एक. संस्थेच्या संकेतस्थळाच्या नावात 'सर्च'ला 'फॉर हेल्थ' जोडलेले आहे आणि शेपूट आहे '.एनजीओ'. ज्यांच्या शोधाने नवजात बालकांच्या आरोग्यसेवेची दिशा बदलली, त्यांनी नाव लांबवून काम चालवले. शोधाचा नुसता शब्द बाजारात राहिला.

या सगळ्याच्या तळाशी असलेला प्रश्न असा : नाव कुणाचे?

ताडोबाचे उदाहरण घेऊ. आज 'ताडोबा' म्हटले की वाघ, जिप्सी आणि रिसॉर्ट डोळ्यांपुढे येतात. आणि या शब्दाला 'सफारी', 'टायगर', 'बुकिंग' अशी इंग्रजी नामे जोडून किती संकेतस्थळे उभी आहेत, ते ज्याने सहलीसाठी शोध घेतला आहे त्याला ठाऊक आहे. पण हे नाव मुळात एका माणसाचे, आणि नंतर देवाचे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, तळ्याच्या काठी त्याचे ठाणे झाले, त्याचा ताडोबा झाला, अशी इथली परंपरा सांगते. ज्यांनी त्या नावाला नवस बोलले, जत्रा भरवली, पिढ्यान्‌पिढ्या ते तोंडात ठेवले, त्यांच्यामुळे ते नाव टिकले. नावाच्या वहीत या टिकवण्याला रकाना नाही. तिथे एकच नियम : जो आधी आला आणि ज्याने पैसे भरले, त्याचे.

वडशाच्या नाटक कंपन्यांचा व्यवहार याच्या अगदी शेजारी ठेवून पाहावा. झाडीपट्टीची रंगभूमी ही दिवाळीनंतर जागी होते. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे कंपन्यांची कार्यालये थाटली जातात आणि गावोगावची मंडळे येऊन नाटक ठरवतात. शंकरपट, मंडई आणि रात्रभराचे नाटक हे एकमेकांना धरून येते. तिथेही नावालाच पैसे पडतात. कंपनीचे नाव, नटाचे नाव. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती अशा नावाचीच पोचपावती होती. पण हे नाव दर मोसमात रंगमंचावर पुन्हा कमवावे लागते. ते कुणाकडून भाड्याने घेऊन कपाटात ठेवता येत नाही. नाव कमावणे आणि नाव घेणे या दोन क्रिया मराठीने वेगळ्या ठेवल्या आहेत. बाजाराने त्या एक करून टाकल्या.

जगात हा झगडा एका जंगलाच्या नावावरूनच सर्वांत उघडपणे झाला. २०१२ मध्ये नवी शेपटे वाटण्याचे ठरले तेव्हा अमेझॉन कंपनीने '.अमेझॉन'साठी अर्ज केला. ब्राझील, पेरू आणि त्या नदीखोऱ्यातले इतर देश म्हणाले, की हे आमच्या नदीचे आणि अरण्याचे नाव आहे. सात वर्षे वाद चालला. २०१९ मध्ये नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये ते शेपूट कंपनीला मिळाले. त्याच फेरीत 'पॅटागोनिया' या कपड्यांच्या कंपनीने मात्र अर्जेंटिनाच्या विरोधानंतर २०१३ मध्ये आपला अर्ज मागे घेतला. एका ठिकाणी प्रदेश हरला, दुसऱ्या ठिकाणी जिंकला. पण लढायला दोन्हीकडे राष्ट्रे होती. ओढ्याच्या, टेकडीच्या, गावदेवाच्या नावासाठी कोणते राष्ट्र उभे राहणार? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे'च्या खटल्यात डोमेन नावालाही कायद्याचे संरक्षण आहे असे मान्य केले, परंतु ते व्यापाऱ्याच्या नावाला, व्यापारात मिळवलेल्या लौकिकाच्या आधारे. जे नाव व्यापारासाठी कधी घेतलेच गेले नाही, ते या छत्राबाहेर राहते.

इथे आम्हांला रानाचा इतिहास आठवतो, आणि तो केवळ उपमेसाठी नव्हे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव वन घोषित करण्याची जी रीत आहे, तिच्यात जाहीरनामा लागतो, हक्क सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत दिली जाते, आणि मुदतीत ज्याने दावा केला नाही त्याचा हक्क विझला असे धरले जाते. जाहीरनामा ज्या भाषेत, ज्या कचेरीत लागला, तिथवर माडिया माणूस पोचला की नाही हा प्रश्न कायद्याने आपला मानला नाही. तारीख उलटली, हक्क गेला. मग त्या रानाचे लिलाव सुरू झाले. बल्लारपूरच्या कागद गिरणीला या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे सवलतीच्या दरात मिळत राहिला, आणि त्यातून झालेल्या कागदावर देशाने लिहिले, छापले. आपल्या वह्यापुस्तकांच्या कागदात या रानाचा वाटा होता; त्यावर रानाचे नाव कुठे नव्हते. ज्यांनी झोपडीच्या कुडासाठी चार बांबू तोडले, ते मात्र गुन्हेगार.

ही स्थिती बदलली ती लिलाव बंद करून नव्हे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने, देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांच्या दीर्घ अभ्यासाच्या जोरावर, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये, तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर ग्रामसभेने बांबू विकलाच. त्यासाठी बोली मागवल्याच. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याची विक्रीही स्वतःकडे घेतली. सत्तर पानांचा पुडा बांधून फळीवर नेणारी बाई तीच राहिली, पान तेच, व्यापारीही पुष्कळदा तेच. फरक एवढाच पडला, की विकायचे की नाही, किती, आणि कोणत्या अटीवर, हे बोली लागण्यापूर्वी कुणीतरी विचारू लागले.

हा 'एवढाच' फरक आमच्या मते सगळे काही आहे. लिलाव फक्त एका प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो : किंमत किती. विकण्याचा अधिकार कुणाचा, हे तो विचारत नाही. ते आधीच ठरले आहे असे धरूनच तो सुरू होतो. म्हणून ज्यांच्या हातून काही जाते, त्यांना लिलावात जागाच नसते. त्यांची जागा असते ती त्याच्या आधीच्या सभेत.

नावांच्या जगात अशी सभा अगदीच नाही असे नव्हे. तुवालू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशाला '.टीव्ही' हे शेपूट लाभले, आणि ते भाड्याने देऊन तो देश उत्पन्न मिळवत आला. अँग्विला या कॅरिबियन बेटाला '.एआय' मिळाले, कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन अक्षरांतून आला. ही दोन्ही उदाहरणे आम्हांला तेंदूपत्ता विकणाऱ्या ग्रामसभेसारखी वाटतात. अक्षरे योगायोगाने वाट्याला आली, पण भाडे गावाच्या पेटीत पडले. उलट उदाहरणही आहे. २०१९ मध्ये '.ऑर्ग' ही संपूर्ण वहीच एका खासगी गुंतवणूक कंपनीला सव्वाशे-दीडशे नव्हे, १.१३५ अब्ज डॉलरना विकण्याचे घाटले होते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पापासून जगातल्या लक्षावधी सेवाभावी संस्थांचे पत्ते या वहीत आहेत. गदारोळ झाला, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने ही विक्री नाकारली.

हे सारे वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे, की या बाजारातला एक माल आपण स्वतः पुरवत असतो, आणि ते आपल्याला ठाऊक नसते. गेल्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी झाडीबोलीतल्या कवितेवर प्रबंधिका लिहीत होती. तिच्या संदर्भसूचीतले दुवे एकेक करून पाहताना एका ठिकाणी आम्ही थबकलो. जिथे काही वर्षांपूर्वी एका हौशी मंडळाने गोळा केलेल्या कविता होत्या, तिथे आता पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात होती. नाव तेच, अक्षर न्‌ अक्षर तेच. मंडळ पांगले होते, ज्याच्या नावे नोंदणी होती तो वारला होता, भाडे थकले होते आणि नाव लिलावात गेले होते.

मराठी कवितांच्या एका आडवळणी नावात जुगाऱ्याला काय रस, असे विद्यार्थिनीने विचारले. ते उत्तर आम्हांला आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याने दिले. जुन्या नावाला भाव येतो तो त्यातल्या शब्दामुळे नव्हे, त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांमुळे. महाविद्यालयांच्या पानांनी, शोधनिबंधांनी, वाचकांनी त्या नावाकडे बोट दाखवलेले असते. शोधयंत्रे त्या बोटांना मान देतात. जितकी बोटे अधिक, तितकी बोली चढी. "सर, माल म्हणजे नाव नाही. त्या नावावर लोकायचा जो भरोसा आहे, तो माल आहे," तो म्हणाला. म्हणजे त्या कवितासंग्रहाचा संदर्भ ज्या ज्या अभ्यासकाने दिला, त्याने नकळत त्या जुगाराच्या दुकानाची पत वाढवून ठेवली होती. तारूच्या भक्तांनी जसे ताडोबाचे नाव मोठे केले, तसेच आपण हे नाव मोठे केले. वसुली तिसऱ्याने केली.

पुस्तक संपले तर ते दुर्मीळ होते. त्याच्या पानांवर दुसरे काही उगवत नाही. वाचनालयातल्या फाटक्या प्रतीवरही लेखकाचे नाव लेखकाचेच राहते. संकेतस्थळ मेले तर त्याचे नाव जिवंत राहते आणि परक्याच्या अंगात संचारते. मराठीतल्या कितीतरी नियतकालिकांचे, वैयक्तिक संग्रहांचे, बोलींच्या शब्दसूचींचे गेल्या पंचवीस वर्षांतले लेखन अशा भाड्याच्या नावांखाली आहे. झाडीबोलीसारख्या बोलीचे लेखी साहित्य मुळातच थोडे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकाने गावोगाव हिंडून जे गोळा केले, ते छापील पुस्तकांत आहे म्हणून आज हाती लागते. त्यानंतरच्या पिढीचे लेखन कुणाच्या तरी वार्षिक हप्त्यावर तोलून आहे.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही दोषी धरत नाही. तो लबाडी करत नाही, दुसऱ्याच्या कंपनीचे नाव चोरत नाही. चंद्रपुरात कोळसा आणि सिमेंट यांच्यापलीकडे रोजगार शोधणाऱ्या तरुणाने एक कायदेशीर धंदा पत्करला आहे. काही नावे तो घेत नाही, असे त्याने आपणहून सांगितले : देवांची नाही, आणि गावांची नाही. मग ती दुसरा कुणी घेत असेल, असे आम्ही म्हणालो. "घेतेच ना," तो म्हणाला. एका माणसाच्या भिडेने रान राखले जात नाही, हे मेंढ्याच्या लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. म्हणून त्यांनी सभा भरवली.

तशी सभा आपण भरवू शकतो काय? जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करण्याची तरतूद झाली. कोणते झाड, कोणता मासा, त्याचे स्थानिक नाव काय, ते कोण ओळखतो, हे गावाने स्वतः लिहायचे, म्हणजे उद्या कुणी त्यावर मालकी सांगितली तर दाखवायला आपली वही असेल. नावांची आणि लेखनाची अशी वही साहित्यसंस्थांना, महाविद्यालयांच्या मराठी विभागांना, २०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला करता येईल. कोणते संकेतस्थळ कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, त्यानंतर ती कोण भरणार, आणि त्यावरच्या मजकुराची प्रत कुठे ठेवली आहे, एवढेच तिच्यात लिहायचे. व्यक्तीच्या नावावरची नोंदणी संस्थेच्या नावावर करून घ्यायची. प्रबंधात दुवा देताना त्या पानाची इंटरनेट आर्काइव्हमधली प्रत नोंदवायची आणि एक छापील प्रत विभागात ठेवायची. यातले काहीच कठीण नाही. त्या विद्यार्थिनीने आपल्या सूचीतल्या उरलेल्या दुव्यांसाठी हे काम केले आहे. जुगाराने गिळलेल्या संग्रहापैकी सतरा कविता तिला जुन्या प्रतीत सापडल्या. त्या तिने परिशिष्टात उतरवल्या, आणि कवींची नावे, त्यांच्या गावांसह, त्यांनी जशी लिहिली होती तशीच ठेवली.